पीजीचं एकच वायफाय सगळ्या वापरतात, तर माझा लॅपटॉप आणि फोन कितपत सेफ?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं धरतो. पुण्यात वाकडला पीजीत राहता, पंचवीसेक मुली, सगळ्यांना मिळून एकच वायफाय आणि त्याचा पासवर्ड जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीवर प्रिंट काढून चिकटवलाय. तुमच्याकडे ऑफिसचा एक लॅपटॉप, स्वतःचा एक जुना लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन, शिवाय कोडिंगचा कोर्सही चालू आहे. मागच्या महिन्यात रूममेटचं इन्स्टा हॅक झालं आणि तेव्हापासून एक म्हणते मालकाला सगळं दिसतं, दुसरी म्हणते या वायफायवर जीपे उघडू नको, तिसरी म्हणते व्हीपीएन (तुमचं सगळं ट्रॅफिक कुलूपबंद करून स्वतःच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) घे. यातलं खरं किती आणि करायचं काय, हा तुमचा प्रश्न.

मी हॉस्टेल, क्लासेस, लॉज, छोटी ऑफिसं अशा ठिकाणी नेटवर्क बसवून द्यायचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक साइटवर कोणीतरी विचारतंच. पण "वायफाय सेफ आहे का" असं विचारलं की सरळ उत्तर निघत नाही कारण त्यात तीन वेगळे प्रश्न गुंतलेत. हवेतून जाणारा तुमचा डेटा कोणी वाचू शकेल का, त्याच वायफायवरचं दुसरं मशीन थेट तुमच्या लॅपटॉपमध्ये घुसू शकेल का, आणि राऊटर कोणाच्या ताब्यात आहे. लोक पहिल्याला सगळ्यात जास्त घाबरतात. मी जे बघत आलोय त्यात खरा त्रास दुसऱ्या आणि तिसऱ्यात असतो.

आधी हवेतला डेटा. ही भीती आली कुठून तर एके काळी ती शंभर टक्के खरी होती म्हणून. २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक एक्स्टेंशन आलं होतं, ते टाकलं की त्याच उघड्या वायफायवर बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या फेसबुकमध्ये दोन क्लिकमध्ये शिरता यायचं, कारण तेव्हा बऱ्याच साइट्स लॉगिन झाल्यावर पुढचं सगळं साध्या एचटीटीपीवर, म्हणजे कुलूप न लावता पाठवायच्या. त्यानंतर चित्र खूप बदललं. मोठ्या साइट्स पूर्ण एचटीटीपीएसवर (डेटा एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद करून पाठवणं) गेल्या, २०१५ च्या शेवटी लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या सेवेने त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट (साइटचं ओळखपत्र) फुकट द्यायला सुरुवात केली त्यामुळे छोट्या साइट्सनाही सबब उरली नाही, आणि जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटला सरळ "नॉट सिक्युअर" म्हणायला लागलं. म्हणजे आज तुमचं जीमेल, बँकेची साइट, व्हॉट्सॅप हे वायफायच्या लॉकवर अवलंबून नसतं, त्याचं स्वतःचं लॉक असतं.

हे सांगायचं कारण असं की तुमच्या पीजीतलं वायफायचं लॉक तसं फारसं कामाचं नाहीये. बहुतेक जुने राऊटर अजून डब्ल्यूपीए२ या प्रकारच्या लॉकवर चालतात, ते २००४ चं आहे. त्यात प्रत्येक फोनची स्वतंत्र चावी बनते खरी, पण ती बनते भिंतीवरच्या त्या पासवर्डमधून आणि कनेक्ट होताना उघड्यावर पाठवलेल्या काही आकड्यांमधून. म्हणजे ज्याला पासवर्ड माहितीय आणि ज्याने तुमचा फोन कनेक्ट होतानाचा तो क्षण पकडला, त्याला तुमची चावी काढता येते, आणि तो क्षण पकडायला थांबायचीही गरज नसते, बऱ्याच राऊटरवर तुमचा फोन मुद्दाम डिस्कनेक्ट करता येतो, मग तो आपोआप परत जोडला जातो. डब्ल्यूपीए३ मध्ये (२०१८ चं) ही भानगड सोडवलीय, तिथे पासवर्ड माहीत असला तरी दुसऱ्याचं नुसतं ऐकून उलगडता येत नाही. तेव्हा वायफायचा पासवर्ड ही बिल्डिंगच्या मेन गेटची किल्ली समजा, ती पंचवीस जणींकडे आहे, त्यांच्या येऊन गेलेल्या मैत्रिणींकडे आहे आणि आधी राहून गेलेल्यांकडेही आहे. खोलीचं कुलूप आपलं आपणच लावायचं.

अजून एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. नाव आणि पासवर्ड दोन्ही माहीत असले की कोणीही आपल्या फोनवर त्याच नावाचा, त्याच पासवर्डचा हॉटस्पॉट चालू करू शकतं, आणि तुमचा फोन ज्याची रेंज चांगली त्याला न विचारता जोडला जातो. तुमच्या दृष्टीने वायफाय तेच, पण तुमचं सगळं ट्रॅफिक दुसऱ्याच्या फोनमधून जातंय. असं झालं तरी एचटीटीपीएस टिकतं, फक्त एका अटीवर, ब्राउझरने "युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" असं लाल खुणेचं इशाऱ्याचं पान (पुढे मी त्याला लाल पान म्हणतो) दाखवलं तर तुम्ही "अॅडव्हान्स्ड" दाबून पुढे जायचं नाही. सगळा खेळ इथे आहे. अनोळखी फालतू साइटवर ते पान आलं तर साइटवाल्याने सर्टिफिकेट रिन्यू केलं नसेल, होतं तसं, पण बँक, जीमेल, ऑफिसचा मेल यावर ते आलं तर त्याच क्षणी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर जाऊन बघा, तिथे नीट उघडलं तर गडबड त्या वायफायमध्ये आहे. आणि मालक, केबलवाला, कोणीही "हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा मगच नेट चालेल" म्हणालं तर अजिबात करू नका. एकदा ते टाकलं की लाल पान येणंच बंद होतं आणि मधला माणूस सगळं उघडून वाचू शकतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनी असं सर्टिफिकेट टाकते तो वेगळा विषय, तो लॅपटॉपच त्यांचा आहे.

जीपेचं म्हणाल तर या कारणाने घाबरू नका. यूपीआय अॅप तुमच्या सिमला आणि त्या फोनला बांधलेलं असतं, पिन फोनमध्येच एन्क्रिप्ट होऊन पुढे जातो, वायफायवर बसून कोणी तो वाचत नाही. यूपीआयमध्ये पैसे जातात ते क्यूआर स्कॅन करून "पैसे मिळवायला" पिन टाकल्याने, खोट्या कस्टमर केअरला फोन केल्याने, स्क्रीन शेअर करणारं अॅप टाकल्याने. तरीही मनात धाकधूक असेल तर पैशाच्या व्यवहारापुरता मोबाइल डेटा चालू करा, त्यात काहीच बिघडत नाही.

आता ज्याला मी खरं महत्त्व देतो ते, शेजारचं मशीन तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचणं. साध्या घरगुती राऊटरवर एकाच वायफायवरचे सगळे एकमेकांना दिसतात आणि एकमेकांशी थेट बोलू शकतात. यात कोणी मैत्रीण वाईट असायची गरज नाही, तिच्या लॅपटॉपमध्ये क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर काही आलेलं असलं तरी पुरतं. मे २०१७ चं वॉनाक्राय (फाइल्स लॉक करून पैसे मागणारं घातक सॉफ्टवेअर) आठवत असेल, ते विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या भोकातून नेटवर्कवर एका मशीनमधून दुसऱ्यात आपोआप जात होतं, कोणी काही क्लिक न करता. ते भोक बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाचं दुसरं तसलंच आलं आणि आपल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क ग्रुपचं टर्मिनल बंद पडलं होतं, तेही नेटवर्कच्या आतल्या आत असंच पसरलं होतं.

म्हणून तुमच्या जुन्या लॅपटॉपवर आज रात्री बसून हे करा. सेटिंग्जमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन नेटवर्क "पब्लिक" आहे का "प्रायव्हेट" ते बघा. पहिल्यांदा कनेक्ट होताना विंडोज १० विचारतं की तुमचा पीसी इतरांना दिसू द्यायचा का, आणि बरेच जण न वाचता "येस" करतात, तिथेच ते प्रायव्हेट होतं. ते "पब्लिक" करा. नाव उलटं वाटतं पण अर्थ असा की हे नेटवर्क परक्यांचं आहे, कोणाला काही दाखवू नको. मग शेअर केलेले फोल्डर बंद, रिमोट डेस्कटॉप (दुसऱ्या मशीनवरून तुमचा पीसी चालवायची सोय) चालू असेल तर बंद, फायरवॉल (बाहेरून येणारी कनेक्शन अडवणारी सोय) चालू. मॅक असेल त्यांनी फायरवॉल मुद्दाम जाऊन चालू करावा लागतो, सुरुवातीला तो बंदच असतो. आणि तुमचा तो लॅपटॉप विंडोज १० वर असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, पुढचे सिक्युरिटी अपडेट हवे असतील तर मायक्रोसॉफ्टच्या एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स प्रोग्रॅममध्ये वेगळं नाव नोंदवावं लागतं, किंवा मशीन चालत असेल तर विंडोज ११ वर जा. अपडेट न मिळणारा लॅपटॉप आणि पंचवीस जणींचं नेटवर्क ही जोडी मला खरंच आवडत नाही, बाकी काही जमलं नाही तरी हे एवढं करा.

तुम्ही लिहिलंय की कोडिंगचा कोर्स करताय, तर हे खास तुमच्यासाठी. प्रॅक्टिस करताना जे छोटे सर्व्हर आपण चालू करतो ना, त्यातले काही फक्त तुमच्याच मशीनला उत्तर देतात (१२७.०.०.१ वाले) आणि काही ०.०.०.० वर म्हणजे नेटवर्कवरच्या कोणालाही. पायथनचा तो एका ओळीत चालू होणारा साधा वेब सर्व्हर सांगितलं नाही तर सगळ्यांना उघडा असतो, म्हणजे ज्या फोल्डरमध्ये उभं राहून तो चालवला तो अख्खा फोल्डर पीजीतल्या कोणालाही ब्राउझरमध्ये दिसतो. झॅम्पमधल्या (आपल्याच मशीनवर साइट चालवून बघायचं सॉफ्टवेअर) तुमच्या साइटचं, पासवर्ड न लावलेल्या डेटाबेसचं असंच होऊ शकतं. पहिल्यांदा चालवताना विंडोज फायरवॉलचा बॉक्स येतो, त्यात "पब्लिक नेटवर्क्स" वर टिक करून "अलाउ" दाबायची सगळ्यांना सवय असते, तेव्हा तुम्ही आत्ताच पब्लिक करून घेतलेलं नेटवर्क त्या प्रोग्रॅमपुरतं परत उघडं पडतं. तो बॉक्स आला की "कॅन्सल". तुमच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये ते तरीही चालेल, कारण तुम्ही त्याच मशीनवरून बघताय.

फोनचं त्या मानाने सोपं आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर बाहेरून येऊन जोडता येईल असं फारसं काही उघडं नसतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वायरलेस डीबगिंग चालू ठेवलं असेल तर बंद करा. क्विक शेअर किंवा एअरड्रॉप "एव्हरीवन" वर नको, कॉन्टॅक्ट्सवर ठेवा. आणि फोनला दिलेलं नाव बघा, "अमुकतमुकचा आयफोन" असं पूर्ण नाव असेल तर ते राऊटरच्या लिस्टमध्ये आणि ब्लूटूथवर आजूबाजूच्या सगळ्यांना दिसतं. मुलींच्या पीजीत हे मी नेहमी सांगतो, नाव बदलून काहीतरी साधं ठेवा.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर डेटा वाचला जाण्याची भीती एचटीटीपीएसने बरीच कमी केलीय, लाल पान ओलांडायचं नाही, लॅपटॉप पब्लिकवर आणि अपडेटेड ठेवायचा. आता राऊटर.

मालकाला सगळं दिसतं का? सगळं नाही. कुठल्या साइटवर गेलात, किती वाजता, किती डेटा वापरला एवढं राऊटर ज्याच्या हातात आहे त्याला बघता येतं, म्हणजे बघायची सोय केली असेल तर, कारण साध्या राऊटरमध्ये नुसती कनेक्ट झालेल्या फोनची यादी असते. तुम्ही जीमेल उघडलं हे कळेल, मेलमध्ये काय होतं ते नाही. इन्कॉग्निटोने यात काही फरक पडत नाही, ते फक्त तुमच्या मशीनवर हिस्टरी ठेवत नाही.

मला मालकापेक्षा जास्त काळजी याची वाटते की राऊटरचं सेटिंगचं पान उघडून आत कोण जाऊ शकतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की ते पान येतं, आणि लोकल फायबरवाल्याने बसवलेल्या राऊटरवर अॅडमिनचा पासवर्ड बऱ्याचदा कंपनीतून आला तोच असतो किंवा त्या ऑपरेटरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकच असतो. आत गेलेला माणूस डीएनएस बदलू शकतो, म्हणजे तुम्ही साइटचं नाव टाकल्यावर तुम्हाला कुठे न्यायचं हे तो ठरवणार. बँकेच्या साइटवर तेव्हा लाल पान येईलच, पण एखादं एचटीटीपीचं पान, खोटं "तुमचा ब्राउझर अपडेट करा" असलं पान दाखवता येतं. यावर तुमच्या बाजूने उपाय आहे. अँड्रॉइड ९ पासून नेटवर्क सेटिंगमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" आहे, तिथे गुगलचं किंवा क्लाउडफ्लेअरचं नाव टाकलं की फोन राऊटरच्या डीएनएसला विचारतच नाही, आणि विचारलेली नावंही एन्क्रिप्ट होतात. (तरी कुठली साइट हे कनेक्शन जोडताना बहुतेक वेळा दिसतंच, तेव्हा पूर्ण लपलं असं समजू नका.) लॅपटॉपवर क्रोममध्ये "युज सिक्युअर डीएनएस" आहे, ते करा. एक अडचण येते, रेल्वे स्टेशन किंवा हॉटेलच्या वायफायचं लॉगिन पान कधी कधी यामुळे उघडत नाही, तेव्हा तेवढ्यापुरतं "ऑटोमॅटिक" वर आणायचं आणि मग परत लावायचं.

आणि स्टेशनचा विषय निघालाच तर, ओटीपी टाकून लॉगिन करावं लागतं म्हणजे ते वायफाय लॉक केलेलं आहे असं अजिबात नसतं. तो ओटीपी तुम्ही कोण हे नोंदवायला असतो. जोडताना वायफायचा पासवर्ड विचारला नाही तर बहुतेक ठिकाणी हवेत सगळं उघडंच असतं.

मालकाशी बोलता येत असेल तर जरूर बोला, आणि त्यांना "आम्हाला भीती वाटते" असं न सांगता त्यांच्या अंगावर काय येऊ शकतं ते सांगा. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या आधी जो धमकीचा मेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या वायफायवरून गेला होता, राहणाऱ्याचा संबंध नसताना चौकशी त्याच्या दारात आली. कनेक्शन ज्याच्या नावावर, पोलिस आधी त्याच्याकडे. हे कळलं की मालक लोक लक्ष देतात हा माझा अनुभव आहे. मागायच्या गोष्टी फार नाहीत. अॅडमिनचा पासवर्ड बदला आणि तो भिंतीवर लावू नका, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा छोट्या पिनने वायफायला जोडायची सोय) बंद करा, राऊटरमध्ये डब्ल्यूपीए३ किंवा "डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३" असेल तर ते लावा, कोणी पीजी सोडून गेलं की वायफायचा पासवर्ड बदला, आणि "एपी आयसोलेशन" किंवा "क्लायंट आयसोलेशन" चालू करा. हे शेवटचं सगळ्यात मोलाचं, त्याने फोन-लॅपटॉप एकमेकांना दिसायचे बंद होतात, नेट मात्र सगळ्यांना मिळतं. कॉमन टीव्हीवर कास्ट करणं आणि वायफाय प्रिंटर मात्र बंद पडेल, हे आधीच सांगा नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणीतरी तक्रार करून ते सेटिंग परत काढायला लावेल. आणि प्रत्येक मजल्यावर वेगळा राऊटर असेल तर हे एकाच राऊटरवरच्या लोकांपुरतं चालतं, वरच्या मजल्यावरून खालच्यावर वायरीतून रस्ता उघडाच राहतो, त्यासाठी चांगला स्विच आणि थोडं डोकं लागतं, मालकांना नेटवर्कवाल्याला बोलवावं लागेल. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) त्याच वायफायवर असेल तर त्याचाही पासवर्ड बदलायला सांगा, मुलींच्या पीजीत हे खरं तर सगळ्यात आधी व्हायला पाहिजे.

व्हीपीएन. ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीचा असेलच, पीजीत तो कायम चालू ठेवा आणि तुमच्या आयटीवाल्यांना एकदा विचारून घ्या की लॅपटॉप शेअर्ड वायफायवर वापरलेला चालतो ना. स्वतःच्या फोनसाठी विकत घ्यायचा का हे तुम्हाला काय लपवायचंय त्यावर आहे. व्हीपीएनने मालकाची नजर बंद होते पण तीच नजर व्हीपीएनवाल्याकडे जाते. फुकटचे व्हीपीएन अॅप तर टाकूच नका, त्यापेक्षा पीजीचं वायफाय बरं. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने (सायबर सुरक्षेसाठीची सरकारी संस्था) व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली, तेव्हा काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून टाकले, त्यामुळे त्यांचं भारतातलं लोकेशन निवडलं तरी सर्व्हर बाहेरच्या देशात असतो आणि स्पीडही पडतो. तुमच्या गरजेला मी तरी पैसे घालणार नाही.

राहिलं रूममेटचं इन्स्टा. मी ते अकाउंट बघितलेलं नाही, पण असं झाल्यावर वायफायला दोष देऊन लोक खरं कारण शोधायचं थांबवतात म्हणून लिहितो. बहुतेक वेळा "मला व्होट कर" किंवा "कॉपीराइट स्ट्राइक आलीय" अशी लिंक, तिथे टाकलेला पासवर्ड, सांगितलेला ओटीपी, किंवा दुसऱ्या साइटवरून फुटलेला तोच पासवर्ड. तिला सांगा मेलचा पासवर्ड आधी बदल, मग इन्स्टाचा, टू-फॅक्टर लाव, आणि व्हॉट्सॅपमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" उघडून बघ ओळखीचं नसलेलं काही दिसतंय का. पीजीत उघडा पडलेला फोन दोन मिनिटं कोणाच्या हातात गेला तरी व्हॉट्सॅप वेब जोडून होतं, त्यामुळे फोन लॉक ठेवायची आणि लॅपटॉपवरून उठताना विंडोजची की आणि एल दाबून तोही लॉक करायची सवय तुम्हीही लावून घ्या. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा आणि बँकेलाही लगेच लेखी कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार चूक बँकेची किंवा तुमची नसून तिसऱ्याच कोणाची असेल तर तीन कामाच्या दिवसांत कळवलं की भुर्दंड ग्राहकावर येत नाही, पण ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच धरलं जातं.

सेटिंग कुठे आहे ते सापडलं नाही तर विंडोजचं व्हर्जन आणि राऊटरचा मॉडेल नंबर लिहा, नेमका रस्ता सांगतो. राऊटरच्या खालच्या स्टिकरचा फोटो टाकू नका, त्यावर पासवर्ड छापलेला असतो.